भाव पडलेला मिडफिल्डर कसा हेरायचा: एएफएलच्या आकड्यांतून

एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची सर्वोच्च लीग. तिथला चांगला मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या भागात चेंडू मिळवणारा खेळाडू) ओळखायला आकडेवारीचं मॉडेल लागत नाही. सामन्याला तीस डिस्पोझल (किक किंवा हँडबॉल, म्हणजे मुठीनं मारून दिलेला पास) काढणारा, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकाच्या मतमोजणीत ज्याचं नाव सतत पुकारलं जातं असा खेळाडू अठराही क्लबांना माहीत असतो आणि त्याची किंमतही त्याच तोऱ्यात असते. मॉडेलनं शोधायचा तो वेगळा माणूस: ज्याच्या अंगात खेळ आहे, पण तो दाखवायला जागा मिळालेली नाही, म्हणून ज्याचा भाव पडला आहे.

जागा न मिळण्याचं कारण या खेळाच्या रचनेतच आहे. सेंटर बाउन्सच्या वेळी, म्हणजे क्वार्टरच्या सुरुवातीला आणि गोलनंतर पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू खेळात आणतो तेव्हा, मधल्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच खेळाडू उभे राहू शकतात, एक रकमन (उडी मारून चेंडू साथीदारांकडे ढकलणारा उंच खेळाडू) आणि तीन मिडफिल्डर. क्लबकडे सात चांगले मिडफिल्डर असले तरी चौकोनात एका वेळी तिघेच. उरलेले हाफ-फॉरवर्डला (पुढच्या फळीत), विंगवर (मैदानाच्या कडेला), बाकावर नाहीतर व्हीएफएल या खालच्या लीगमध्ये. जॅक स्टील २०१५ आणि २०१६मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीत होता तेव्हा तिथे कॅलन वॉर्ड, स्टीफन कोनिग्लिओ, डिलन शील, जॉश केली अशी गर्दी होती. २०१६च्या ट्रेडमध्ये (क्लबांमधल्या अदलाबदलीत) सेंट किल्डाला तो पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतल्या एका पिकच्या, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याच्या एका पाळीच्या, बदल्यात मिळाला. २०२० आणि २०२१मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात होता, पुढे क्लबचा कर्णधारही झाला.

अर्थात असली उदाहरणं निकाल लागल्यावर निवडलेली असतात. दुसऱ्या फेरीतल्या पिकवर घेतलेले आणि काहीच न झालेले खेळाडू कुणी आठवणीत ठेवत नाही. मॉडेल बांधताना मात्र ते सगळे आधी गोळा करावे लागतात.

डेटा: काय मिळतं, काय नाही

एएफएलचा अधिकृत सांख्यिकी पुरवठादार चॅम्पियन डेटा आहे. किक कुठून कुठे गेली, किती दबावाखाली मारली, हा बारकावा त्यांच्याकडे असतो, पण तो सगळा उघड्यावर येत नाही. बाहेरून काम करणाऱ्यानं सुरुवात ‘आर’ भाषेतल्या फिट्झरॉय या पॅकेजपासून करावी. एएफएल टेबल्स, फूटीवायर आणि लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे खेळाडूनिहाय आकडे त्यातून उतरवता येतात. एएफएल टेबल्सवर सामने १८९७ पासूनचे आहेत, पण टॅकल १९८७ पासून, क्लिअरन्स (खेळ पुन्हा सुरू होताना गर्दीतून चेंडू बाहेर काढणं) १९९८ पासून आणि कंटेस्टेड पझेशन (झटापटीत मिळवलेला चेंडू) १९९९ पासून. सेंटर बाउन्सला कोण किती वेळा हजर होतं हा या कामातला सर्वांत मोलाचा कॉलम. तो अलीकडच्या हंगामांपुरताच मिळतो, त्यामुळे मॉडेलचा इतिहासही तेवढाच ठेवावा. जुनी वर्षं जोडून ओळी वाढतात, माहिती वाढत नाही.

साफसफाईत तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, नावावरून तक्ते जोडणं. एकाच काळात दोन जॉश केनेडी खेळत होते, एक सिडनीचा मिडफिल्डर आणि दुसरा वेस्ट कोस्टचा गोल मारणारा फॉरवर्ड. टॉम लिंचही दोन, स्कॉट थॉम्पसनही दोन. नावावर जोड केली की साठ गोल आणि दीडशे क्लिअरन्स करणारा एक अजब प्राणी यादीच्या शेंड्यावर दिसतो. जोड नेहमी खेळाडूच्या क्रमांकावर करायची.

दुसरं, २०२०चा हंगाम. त्या वर्षी क्वार्टर २० ऐवजी १६ मिनिटांचे होते, शिवाय थांबलेल्या खेळाचा जादा वेळ. आकड्यांना सरळ १.२५ने गुणलं तर ढोबळ काम भागतं. प्रत्येक सामन्याची खरी लांबी घेऊन तिला खेळाडूच्या मैदानावरच्या वेळेच्या टक्क्यानं गुणणं आणि त्या मिनिटांवर दर काढणं हे जास्त बरं.

तिसरं, सब. २०११ ते २०१५ आणि पुन्हा २०२१ ते २०२५ हा राखीव खेळाडू वेगवेगळ्या नियमांनी होता. पंचवीस टक्के वेळ खेळलेला सामना पूर्ण सामना म्हणून सरासरीत गेला तर नेमका ज्याला शोधायचं आहे तोच काठावरचा खेळाडू खाली ढकलला जातो. मिनिटांवर दर काढला की हा प्रश्न बराचसा सुटतो. फक्त उशिरा उतरलेला सब दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर खेळतो, म्हणून त्याचे दर किंचित फुगलेले असतात.

भागाकार कशानं करायचा

सगळी मेख इथे आहे. ‘सामन्याला पाच क्लिअरन्स’ हा आकडा कौशल्याइतकाच संधीचाही असतो. म्हणून सेंटर क्लिअरन्सला सेंटर बाउन्सच्या हजेरीनं भागायचं. मैदानावर इतरत्र होणाऱ्या स्टॉपेजला (खेळ थांबून चेंडू पुन्हा टाकला जातो तिथे) कोण हजर होतं हे सार्वजनिक डेटात नसतं, म्हणून बाकीच्या क्लिअरन्सना मिनिटांनी भागायचं. हे दोन दर एकत्र करू नयेत, कारण त्यांचे छेद वेगळ्या जातीचे आहेत.

सेंटर बाउन्सचा दर किती असावा याचा अंदाज कागदावरच येतो. एका बाउन्सला आठ खेळाडू असतात आणि फार तर एक क्लिअरन्स होतो, म्हणजे सरासरी साडेबारा टक्क्यांच्या आत. रकमनचा वाटा तुलनेनं कमी असतो, त्यामुळे मिडफिल्डरची सरासरी थोडी वर सरकते. तुमच्या डेटात ती पंचवीस टक्के येत असेल तर मॉडेलकडे जाऊ नका, जोड कुठेतरी चुकली आहे.

आता छोट्या नमुन्याचा फसवेपणा. समजा, ‘अ’ हा खेळाडू ४० बाउन्सना होता आणि त्यानं ८ क्लिअरन्स काढले, दर २० टक्के. ‘ब’ ४०० बाउन्सना होता, क्लिअरन्स ६८, दर १७ टक्के. कच्च्या यादीत ‘अ’ वर. सरासरी १३ टक्के धरली आणि प्रत्येकाच्या खात्यात १५० काल्पनिक सरासरी बाउन्स टाकले, तर ‘अ’चा दर (८ + १९.५) भागिले १९०, म्हणजे १४.५ टक्के होतो आणि ‘ब’चा (६८ + १९.५) भागिले ५५०, म्हणजे १५.९ टक्के. क्रम उलटला. ‘अ’ वाईट आहे असं यातून निघत नाही. त्याच्याबद्दल अजून पुरेसं कळलेलं नाही, एवढंच.

हे १५० कुठून आले? हंगामातल्या सम आणि विषम फेऱ्या वेगळ्या करायच्या आणि दोन्ही अर्ध्यांतल्या दरांचा सहसंबंध पाहायचा. प्रत्येक अर्ध्यात साधारण १०० बाउन्स असलेल्या खेळाडूंमध्ये सहसंबंध ०.४ आला, तर १०० गुणिले ०.६ भागिले ०.४, म्हणजे १५०. प्रत्येक आकड्याचा हा भार वेगळा निघतो. टॅकल आणि कंटेस्टेड पझेशन लवकर स्थिरावतात. गोल आणि स्कोअरमधला सहभाग फार डगमगतो, त्यांना सरासरीकडे जास्त ओढावं लागतं. सगळ्यांना एकच भार लावणारी मॉडेलं दिसतात, तो निव्वळ आळस आहे.

यानंतर रकमनचा प्रश्न. चांगल्या रकमनच्या पायाशी उभ्या असलेल्या मिडफिल्डरला चेंडू हातात येतो, कमकुवत रकमनच्या साथीदाराला तो जमिनीवरून उकरून काढावा लागतो. त्यासाठी खेळाडूचा आणि परिस्थितीचा वाटा वेगळा करणारं मिश्र-परिणाम मॉडेल लावायचं. सामन्यातले क्लिअरन्स हे बाउन्सपैकी किती, या द्विपद रूपात घ्यायचे आणि खेळाडू, आपला मुख्य रकमन, समोरचा संघ अशा तीन पातळ्या यादृच्छिक परिणाम म्हणून ठेवायच्या. ‘आर’मधलं एलएमई४ यासाठी पुरतं. अडचण एकच: जो मिडफिल्डर कायम एकाच रकमनबरोबर खेळला आहे त्याचं श्रेय दोघांत कसं वाटायचं हे डेटा सांगू शकत नाही. रकमन दुखापतीमुळे बाहेर होता ते आठवडे आणि क्लब बदललेले खेळाडू, एवढाच काय तो आधार. अशा नावांपुढे अनिश्चिततेची पट्टी रुंद दिसली पाहिजे. ती रुंद दिसत नसेल तर मॉडेल खोटं बोलतंय.

चेंडू मिळाल्यावर काय

डिस्पोझल एफिशियन्सी या कॉलमपासून जरा दूरच राहा. चॅम्पियन डेटाच्या व्याख्येत ४० मीटरपेक्षा लांब किक निदान बरोबरीच्या झटापटीत पडली तरी ‘प्रभावी’ धरली जाते, आणि बचावात एकमेकांना दिलेली पंधरा-वीस मीटरची मोकळी किकही प्रभावीच. गर्दीतून पायाची लाथ झाडून चेंडू बाहेर काढणारा मिडफिल्डर या कॉलममध्ये कायम गरीब दिसतो. त्याऐवजी दर डिस्पोझलमागे टर्नओव्हर (प्रतिस्पर्ध्याला गेलेले चेंडू), दर डिस्पोझलमागे मिळवलेले मीटर आणि संघाच्या स्कोअरपर्यंत पोचलेल्या पासांच्या साखळ्यांपैकी कितींत हा होता याचं प्रमाण घ्यावं.

पण मीटरही भूमिका पाहूनच. आतला मिडफिल्डर हँडबॉलनं चेंडू बाहेरच्या धावणाऱ्याला देतो, मीटर त्या दुसऱ्याच्या खात्यात पडतात. टॉम मिचेलच्या बाबतीत हा वाद वर्षानुवर्षं चालला: डिस्पोझल भरमसाट, मीटर कमी. हॉथॉर्नकडून २०१८च्या पहिल्या फेरीत त्यानं कॉलिंगवूडविरुद्ध ५४ डिस्पोझलचा विक्रम केला आणि त्याच वर्षी ब्राउनलो जिंकलं. टीकाकारांचा मुद्दाही निराधार नव्हता. तुलना आतल्याशी आतल्याची आणि बाहेरच्याशी बाहेरच्याची केली की दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो.

भूमिका ठरवायला क्लबनं दिलेली ‘मिडफिल्डर’ ही पाटी उपयोगाची नाही. सेंटर बाउन्स हजेरीचा टक्का, एकूण पझेशनपैकी कंटेस्टेडचा वाटा, किक आणि हँडबॉलचं गुणोत्तर, मिनिटामागे टॅकल, एवढ्या चार-पाच दरांवर मिश्र-वितरण मॉडेल चालवा आणि प्रत्येक खेळाडूला गटांच्या शक्यता द्या: सत्तर टक्के आतला, तीस टक्के हाफ-फॉरवर्ड. एकाच खोक्यात कोंबू नका, कारण आपला माणूस बहुधा याच सीमेवर बसलेला असतो. विंगवाल्यांसाठी मात्र हे मॉडेल वापरूच नये. त्यांची अर्धी कमाई चेंडूशिवायच्या धावण्यात असते आणि ती या तक्त्यांत उमटत नाही.

किंमत हे वेगळं मॉडेल आहे

बहुतेक हौशी मॉडेलं इथे गाळात रुततात. ‘चांगला पण स्वस्त’ काढायला एक मॉडेल पुरत नाही. एक सांगतं की पुढच्या दोन हंगामांत हा किती देईल, दुसरं सांगतं की बाजार याला काय भाव लावेल. दोन्हींतला फरक म्हणजे आपली यादी.

खेळाडूंची वैयक्तिक वेतनं लीग जाहीर करत नाही, त्यामुळे किंमत पिकमध्ये मोजावी लागते. २०१५ पासून लागू झालेल्या ड्राफ्ट मूल्य तक्त्यात पहिल्या पिकला ३०००, दुसऱ्याला २५१७, दहाव्याला १३९५ गुण होते. मिचेलचाच २०१६चा सौदा घ्या. हॉथॉर्ननं सिडनीला १४वा आणि ५२वा पिक दिला, बदल्यात मिचेल आणि ५७वा पिक घेतला. तक्त्यानुसार ११६१ अधिक २४६ वजा १८२, म्हणजे १२२५ गुण. तेराव्या पिकची किंमत १२१२. म्हणजे तेविशीतला, तयार झालेला, आकडे समोर असलेला मिडफिल्डर साधारण एका अनोळखी अठरा वर्षांच्या मुलाच्या भावात. हा तक्ता पुढे बदलला, तेव्हा ज्या वर्षीचा सौदा त्या वर्षीचा तक्ता लावावा. शिवाय हे गुण मुळात फादर-सन (क्लबच्या माजी खेळाडूंचे मुलगे) आणि अकॅडमीच्या (क्लबनं स्वतः घडवलेल्या) खेळाडूंवरच्या बोल्यांसाठी आहेत, क्लब ट्रेडमध्ये ते जसेच्या तसे पाळत नाहीत.

फादर-सनवरून एक खबरदारी. गॅरी ॲब्लेट ज्युनिअर २००१मध्ये ४०व्या पिकवर गेला, पण तो बाजारभाव नव्हता. वडील त्याच क्लबसाठी खेळले होते म्हणून तेव्हाच्या नियमानं तो जिलाँगला तिथे मिळाला. अशा जुन्या नोंदी पिकच्या वक्रात राहिल्या तर तिसरी फेरी उगाच सोन्याची खाण वाटू लागते. लाकी नील (२०११, ५८वा पिक) किंवा डेन स्वॉन (२००१, तोही ५८वा) या मात्र खऱ्या बाजाराच्या चुका आहेत.

किंमतीच्या मॉडेलमध्ये बाजार जे पाहतो तेच घालायचं: सामन्यामागे डिस्पोझल, ब्राउनलो मतं, वय, मूळ पिक, करार संपतोय की नाही. तुमचा लाडका समायोजित क्लिअरन्स दर इथे घालू नका, नाहीतर फरकच पुसला जाईल. दर वर्षी ट्रेड होणारे मिडफिल्डर मूठभर. तेवढ्या ओळींवर भारी अल्गोरिदम चालवला की तो योगायोग पाठ करतो. पाच चलांचं साधं रेषीय मॉडेल, गुणांचा लॉग घेऊन, इथे पुष्कळ झालं. वेतनमर्यादेच्या ओढाताणीतून झालेले सौदे वेगळे काढा. २०२०च्या अखेरीस ॲडम ट्रेलोअर कॉलिंगवूडकडून वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला, त्या भावात त्याच्या खेळापेक्षा क्लबच्या हिशेबाचा हात मोठा होता. २०२४मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन झाला.

मोलाचं मॉडेल

लक्ष्य: पुढच्या दोन हंगामांत मिळून दिलेलं योगदान, पर्यायी खेळाडूच्या वर. पर्यायी म्हणजे कुठल्याही क्लबचा सातवा-आठवा मिडफिल्डर. जे डीलिस्ट झाले (क्लबच्या यादीतून वगळले गेले), खेळलेच नाहीत, त्यांचं योगदान शून्य धरायचं, रिकामं नाही. रिकामं सोडलं की मॉडेलला फक्त टिकलेले दिसतात आणि ते सगळ्यांबद्दल आशावादी होतं. वयाच्या वक्रातही हाच खड्डा आहे. मिडफिल्डर साधारण २४ ते २८मध्ये भरात असतो. पण तिशीनंतरचे आकडे चांगले टिकलेले दिसतात ते केवळ घसरलेल्यांना संघात कुणी ठेवत नाही म्हणून.

खालच्या लीगमधले खेळाडू वेगळं प्रकरण आहे. टिम केली साउथ फ्रीमँटलकडून डब्ल्यूएएफएल खेळून २०१७मध्ये तेविसाव्या वर्षी २४व्या पिकवर जिलाँगला गेला आणि २०१९मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. मॅट प्रिडिसला रुकी ड्राफ्टमधून (मुख्य ड्राफ्टनंतरच्या दुय्यम निवडीतून) घेतलं होतं, २०१४चं ब्राउनलो त्याचं. व्हीएफएल, एसएएनएफएल, डब्ल्यूएएफएलचे दर एएफएलच्या भाषेत आणायला त्याच हंगामात दोन्हीकडे खेळलेले खेळाडू घ्यायचे आणि प्रत्येक आकड्याचं गुणोत्तर काढायचं. यात निवडीचा कल असतो: खाली जोरात खेळला म्हणून वर बोलावला, म्हणजे त्याचे खालचे आकडे आधीच फुगलेले. म्हणून वर बोलावण्याच्या लगेच आधीचे दोन-तीन सामने गुणोत्तरातून वगळावेत. टॅकल आणि कंटेस्टेड पझेशन बऱ्यापैकी तग धरतात. मोकळ्या मार्क (किकवर हवेत झेललेले चेंडू) आणि मोकळ्या किक वर गेल्यावर वितळतात, कारण तिथे ती मोकळीक कुणी देत नाही.

तपासणी काळानुसारच करायची. आधीच्या हंगामांवर शिकवा, नंतरच्या हंगामांवर पाहा, मग खिडकी एक वर्ष पुढे सरकवा. ओळी सरमिसळ करून केलेली तपासणी इथे निरर्थक आहे, कारण एकाच खेळाडूचं पुढचं वर्ष शिकवणीत आणि मागचं परीक्षेत जातं. ब्राउनलोची मतं वापरायला हरकत नाही, ती ग्रँड फायनलच्या आठवड्यात जाहीर होतात आणि ट्रेडचा काळ त्यानंतर येतो. डेटा आज उतरवला असेल तर ‘सध्याचा क्लब’ आणि ‘कारकिर्दीतले एकूण सामने’ हे कॉलम मात्र भविष्य फोडतात, ते काढून टाका. तुलनेला एक बाळबोध अंदाज ठेवा: गेल्या तीन हंगामांची ५-४-३ भारांची सरासरी, थोडी लीगच्या सरासरीकडे ओढलेली. मॉडेल याला हरवत नसेल तर हीच सरासरी वापरा. असं अनेकदा होतं.

यादी हातात आल्यावर

यादीच्या शेंड्यावर चांगले खेळाडू जमतात, तशाच मॉडेलच्या चुकाही तिथेच जमतात. म्हणून मधल्या अंदाजावर क्रम लावू नका. अंदाजाच्या वितरणातला विसावा शतमानक (ज्याच्या खाली जाण्याची शक्यता वीस टक्केच असते तो आकडा) घ्या आणि त्यावर लावा. अनिश्चित नावं आपोआप खाली जातात.

मग संघात बसवून पाहणं. क्लिअरन्स संघात वाटून घ्यायचे असतात. तीन आतले मिडफिल्डर असलेल्या क्लबनं चौथा आणला तर चौघांचे आकडे बेरजेत येत नाहीत, बाउन्सच्या हजेरीची फेरवाटणी होते. नवा खेळाडू कुणाचे किती बाउन्स घेईल हे हातानं मांडा आणि संघाचा एकत्रित फरक मोजा. ‘सर्वांत स्वस्त’ नाव यात कधी कधी निरुपयोगी ठरतं, आणि रकमन कमकुवत असलेल्या क्लबसाठी यादीतलं सातवं नाव पहिलं होतं.

शेवटी व्हिडिओ, निदान तीन पूर्ण सामने. चेंडू हरल्यावर हा मागे धावतो का, एवढं तरी पाहाच. मैदानावरची बचावाची धाव सार्वजनिक आकड्यांत नाही आणि प्रशिक्षक खेळाडूला बाहेर ठेवतात ते बरेचदा तिच्यासाठीच. त्याच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती त्याच्या सध्याच्या क्लबला असते. तो क्लब हसत हसत सोडत असेल तर कारण गर्दी आहे की गुडघा, हे आधी कळलं पाहिजे. गर्दी असेल तर पुढे जा.

यादी वर्षातून एकदा काढून भागत नाही. ऑक्टोबरच्या ट्रेडआधी एक फेरी. डीलिस्ट झालेल्यांची नावं आली की दुसरी, कारण तिथे पिक मोजावाच लागत नाही: जॅरिड लायन्सला गोल्ड कोस्टनं २०१८च्या अखेरीस डीलिस्ट केलं, ब्रिस्बेननं त्याला तसाच उचलला. आदल्या हंगामात पंधरावा असलेला तो संघ २०१९च्या साखळी फेऱ्यांनंतर दुसरा होता, आणि त्याच्या मिडफिल्डमध्ये नीलच्या शेजारी लायन्स होता. तिसरी फेरी हंगामाच्या मध्यावरच्या रुकी ड्राफ्टसाठी, तेव्हा खालच्या लीगचे जेमतेम आठ-दहा सामने हाती असतात, म्हणून सरासरीकडे ओढण्याचा भार दुप्पट ठेवून.